मुंबईंत घडलेलें पहिलें गणकयंत्र

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या बाजूस, खेड तालुक्यांत, निघोजे नांवाचें गांव आहे. चाकणची औद्योगिक वसाहत वाढतां वाढतां या गांवाच्या शिवारांत येऊन पोंचली आणि आज तेथें मोटारगाड्यांचे कारखाने उभे आहेत. या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या गाडींत नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर एक लहानसें गणकयंत्र बसविलेलें असतें. इंधन किती सोडावयाचें आणि केव्हां सोडावयाचें याचा हिशेब तें क्षणोक्षणीं करीत असतें, आणि गाडीच्या मालकास त्याचें अस्तित्वहि जाणवत नाहीं. ज्या वस्तूकडे लक्ष जात नाहीं तिचा इतिहास विसरला जातो, हा जगाचा नियमच आहे. परंतु याच महाराष्ट्रांत इ. स. १९५९ सालीं, या तुकड्याहून पुष्कळ कमी कुवतीचें एक गणकयंत्र उभें करण्यास अठरा फूट लांबीचा पोलादी सांगाडा, हजारों निर्वात नळ्या आणि कांहीं तरुणांचीं पांच वर्षें लागलीं होतीं. तें यंत्र कोणीं बांधलें, कसें चालविलें, आणि तें पुरें होईपर्यंत जुनें ठरलें असतांहि त्या श्रमांचें चीज झालें असें म्हणतां येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम त्या काळाची परिस्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. विद्युत्कणांच्या साहाय्यानें चालणारें मोठें गणकयंत्र जगापुढें आलें तें इ. स. १९४६ मध्यें, अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं. त्याचें नांव एनिअॅक. त्यांत सुमारें अठरा हजार निर्वात नळ्या होत्या, त्याचें वजन सुमारें तीस टन होतें, आणि तें चालविण्यास दीडशें किलोवॅट वीज लागे. इ. स. १९४९ मध्यें इंग्लंडांत केंब्रिज येथें, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेंत प्रिन्स्टन येथें अधिक सुटसुटीत रचनेचीं यंत्रें चालूं झालीं. यंत्रानें काय करावयाचें याचे हुकूमहि आंकड्यांप्रमाणेंच यंत्राच्या स्मृतींत सांठवून ठेवावयाचे, ही कल्पना या यंत्रांनीं रूढ केली. आजचें प्रत्येक गणकयंत्र त्याच कल्पनेवर चालतें.

आपल्याकडे त्या वेळीं शास्त्रज्ञांचा सारा हिशेब हातानें फिरवावयाच्या यंत्रांवर आणि छापील कोष्टकांवर चाले. एक समीकरण सोडवावयास कित्येक दिवस जात, आणि मध्येंच एक आंकडा चुकला तर सारें काम पुन्हां आरंभापासून करावें लागे. भारतांत पहिलें विद्युत्-गणकयंत्र आलें तें कलकत्त्यास. प्रशांतचंद्र महालनवीस यांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटनें इ. स. १९५५ मध्यें एचईसी-२एम नांवाचें यंत्र इंग्लंडहून आणविलें. राष्ट्राच्या पंचवार्षिक योजनांची गणितें अडून राहिलीं होतीं आणि ज्यास हिशेबाची घाई आहे त्यानें तयार यंत्र विकत घ्यावें, हें रीतसरच होतें.

मुंबईनें दुसरा मार्ग धरला. इ. स. १९४५ मध्यें होमी भाभा यांनीं टाटा विश्वस्तनिधीच्या साहाय्यानें टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च ही संस्था स्थापिली. तिचा आरंभ बंगलोरास झाला. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस ती मुंबईस पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यांत आली. पुढें इ. स. १९४९ मध्यें तिनें गेटवे ऑफ इंडियाजवळील जुन्या यॉट क्लबच्या इमारतींत बिऱ्हाड केलें. विश्वकिरण आणि अणुगर्भ हे संस्थेचे अभ्यासविषय. या दोन्ही विषयांत उपकरणें लागतात, आणि तीं परदेशाहून मागवावीं तर परकी चलन व वेळ हीं दोन्ही खर्चीं पडतात. म्हणून उपकरणें शक्य तितकीं घरींच करावयाचीं, हा संस्थेचा शिरस्ता पडला होता. गणकयंत्र बांधण्याचा विचार या शिरस्त्यांतूनच निघाला.

या कामाचे सूत्रधार रंगस्वामी नरसिंहन् हे होत. मद्रासेस जन्मलेले नरसिंहन् अमेरिकेंत गणिताची डॉक्टरेट मिळवून इ. स. १९५४ मध्यें संस्थेंत आले. त्यांच्या भोवतीं जे तरुण जमले ते बहुतेक पदार्थविज्ञानाचे पदवीधर होते. त्यांपैकीं कोणीं पूर्वीं गणकयंत्र बांधलें नव्हतें. हातांत होते परदेशीं प्रसिद्ध झालेले वृत्तान्त आणि विद्युत्-उपकरणें जोडण्याचा संस्थेंतील अनुभव. ज्यानें कधीं घर बांधलें नाहीं त्यानें केवळ नकाशे वाचून चार मजली वाडा बांधावयास घ्यावा, तसाच हा प्रकार होता.

त्यांनीं एक शहाणपण मात्र केलें. मोठ्या यंत्रास एकदम हात न घालतां प्रथम एक लहान नमुना-यंत्र तयार केलें. इ. स. १९५४ च्या अखेरीस त्याचा आराखडा सुरू झाला आणि इ. स. १९५६ च्या अखेरीस तें चालूं झालें. रचना बरोबर आहे, आपण जोडलेल्या मंडलांतून बेरीज-वजाबाकी खरोखरच होते, अशी खात्री पटल्यावर इ. स. १९५७ मध्यें मोठ्या यंत्राचें काम हातीं घेण्यांत आलें. इ. स. १९५९ च्या आरंभीं त्याची जुळणी पुरी झाली आणि इ. स. १९६० मध्यें तें रीतसर कामास लागलें. इ. स. १९६२ च्या जानेवारीच्या १५ तारखेस कुलाब्यास समुद्राकांठीं बांधलेल्या संस्थेच्या नव्या वास्तूचें उद्घाटन पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्तें झालें; त्याच प्रसंगीं या यंत्राचें 'टिफ्रॅक' असें नामकरण झालें. संस्थेच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें आणि 'ऑटोमॅटिक कॅल्क्युलेटर', म्हणजे आपोआप हिशेब करणारें यंत्र, या शब्दांचीं आद्याक्षरें मिळून हें नांव झालें आहे.

आतां या यंत्राच्या देहाकडे वळूं. त्याचा मुख्य भाग ज्या पोलादी सांगाड्यांत बसविला होता तो अठरा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि आठ फूट उंच होता. हा सांगाडा सुट्या कप्प्यांचा बनविलेला असून प्रत्येक कप्प्यास दोन्ही बाजूंनीं पोलादी दारें होतीं. हीं दारें शोभेसाठीं नव्हतीं. आंत हात घालून बिघडलेली नळी वा सुटलेला सांधा शोधावयाचा तर यंत्राच्या दोन्ही अंगांनीं माणसास जातां आलें पाहिजे. या सांगाड्यांत २७०० निर्वात नळ्या, १७०० जर्मेनियमचे डायोड आणि १२,५०० रोधक बसविलेले होते.

या आंकड्यांचा अर्थ कळण्यास घरच्या जुन्या रेडिओची आठवण करावी. मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या दिवाणखान्यांत जो रेडिओ असे त्यांत सामान्यतः पांचसहा नळ्या असत. बटण फिरविल्यावर त्या तापण्यास थोडा वेळ लागे, मग आवाज येई. आणि दोनचार वर्षांनीं एखादी नळी गेली म्हणजे दुकानदाराकडून नवी आणावी लागे. टिफ्रॅक म्हणजे असे सुमारें पांचशें रेडिओ एकाच सांगाड्यांत एकत्र जोडल्यासारखें होतें. त्यांतहि रेडिओची एक नळी अधू झाली तर गाणें थोडें खरखरतें, इतकेंच. गणकयंत्राची एक नळी अधू झाली तर उत्तर चुकतें, आणि तें चुकलें आहे हें तोंडावरून कळत नाहीं.

येथें थोडें गणित करून पाहावें. समजा, एका नळीचें आयुष्य सरासरी दहा हजार तास आहे. घरांत रोज चार तास रेडिओ लावणाऱ्या माणसास ती जवळ जवळ सात वर्षें पुरेल. परंतु अशा २७०० नळ्या एकदम जळत असल्या, तर हिशेबानें दर पावणेचार तासांस त्यांतील एक मरावयाची. म्हणजे एखादें गणित सहा तास चालणारें असेल तर तें निर्विघ्न पार पडण्याचा संभव कमीच. या आपत्तीवर त्या काळच्या यंत्रकारांनीं जगभर जे उपाय योजिले ते मोठे मार्मिक आहेत. दिव्याचा बल्ब जसा बहुधा लावतांना जातो, तशी नळीहि बहुधा थंड स्थितींतून एकदम तापवितांना जाते. म्हणून यंत्र वरचेवर बंद करावयाचें नाहीं, आणि चालूं करावयाचें तर दाब हळूहळू चढवावयाचा. दुसरा उपाय परीक्षेचा. रोज काम सुरू होण्यापूर्वीं विजेचा दाब मुद्दाम थोडा कमीजास्त करून, ज्यांचें उत्तर ठाऊक आहे अशीं गणितें यंत्राकडून करवावयाचीं. ज्या नळ्या अशक्त झाल्या असतील त्या या ताणाखालीं चुकतात, आणि खऱ्या कामांत घोटाळा करण्यापूर्वींच पकडल्या जातात. धडधाकट दिसणाऱ्या माणसास जिना चढावयास लावून वैद्यानें त्याची नाडी पाहावी, तशीच ही रीत.

तिसरी अडचण उष्णतेची. प्रत्येक नळीचा तंतु तापविण्यास दोनच वॅट वीज लागते असें धरलें तरी २७०० नळ्यांच्या केवळ तंतूंसाठीं ५४०० वॅट खर्चीं पडतात, आणि हिशेबासाठीं लागणारी वीज वेगळीच. ही सारी वीज अखेर उष्णतेंत रूपांतर पावते. बंद खोलींत पांच शेगड्या अहोरात्र धगधगत ठेवल्या तर काय होईल, याची कल्पना वाचकांनींच करावी. त्यांत मुंबईची हवा पडली दमट आणि खारट. म्हणून असें यंत्र बसवावयाचें म्हणजे केवळ यंत्र बसवावयाचें नसतें. त्याच्यासाठीं हवा थंड व कोरडी करणारी योजना, स्थिर दाबाची वीज पुरविणारी योजना, तारा वाहून नेण्याच्या वाटा आणि रात्रंदिवस जागणारा माणूस, इतका संसार मांडावा लागतो.

नळ्यांची कथा जुन्या पद्धतीची असली तरी टिफ्रॅकच्या स्मृतीची कथा नव्या वळणाची होती. त्या वेळच्या पुष्कळशा यंत्रांत आंकडे सांठविण्यासाठीं पाऱ्याच्या नळ्या, चित्रनलिका वा फिरतीं चुंबकीय पिंपें वापरीत. मुंबईच्या मंडळींनीं यांपैकीं कशाचाहि अवलंब न करतां, तेव्हां नुकतीच पुढें आलेली फेराइटच्या कड्यांची स्मृति पसंत केली. मोहरीपेक्षां फारशीं मोठीं नसलेलीं, लोहाच्या भस्मापासून भाजून केलेलीं हीं कडीं बारीक तारांच्या जाळ्यांत मण्यांप्रमाणें ओवावयाचीं असतात. कड्यांतील चुंबकत्व एका दिशेस असेल तर शून्य, उलट दिशेस असेल तर एक. उभ्या तारेंतून निम्मा आणि आडव्या तारेंतून निम्मा प्रवाह सोडला म्हणजे ज्या कड्यांत त्या दोन तारा एकमेकींस छेदतात तेवढेंच एक कडें पालटतें. शेजारचीं तशींच राहतात. गंमत अशी कीं, कड्यांत काय लिहिलें आहे हें वाचावयाचें तर तें पुसावें लागतें, म्हणून वाचल्याबरोबर तें पुन्हां लिहावें लागतें. टिफ्रॅकच्या स्मृतींत प्रत्येकीं चाळीस द्विमान अंकांचे २०४८ शब्द राहत. गुणाकार केला तर ८१,९२० अंक होतात. आणि एका अंकास एक कडें लागतें. वाचन-लेखनाचें एक आवर्तन पंधरा मायक्रोसेकंदांत, म्हणजे एका सेकंदांत सुमारें सहासष्ट हजार वेळां, पुरें होई. वेगाची बाजू अशी उजळ असली तरी सांठ्याची बाजू केवढी तोकडी होती हें सांगण्यास एकच दाखला पुरे: आजच्या पद्धतीनें मोजलें तर हा सांठा दहा हजार अक्षरांच्या आसपास भरतो. हा लेखहि त्या स्मृतींत सबंध मावला नसता.

एवढ्याशा जागेंत अणुगर्भाचीं गणितें बसवावयाचीं म्हणजे यंत्राशीं बोलणाऱ्या माणसाच्या बुद्धीची कसोटीच. यंत्रास आपली भाषा येत नाहीं. त्यास केवळ शून्य आणि एक कळतात. म्हणून आरंभीं हुकूम त्याच लिपींत लिहावे लागत. कोणता आंकडा कोणत्या घरांत ठेवला आहे आणि कोणतें घर आतां रिकामें झालें आहे, हें सारें लिहिणाऱ्यानेंच ध्यानांत ठेवावयाचें. हुकुमांची मालिका कागदी फितीवर भोकें पाडून यंत्रास पुरवीत, आणि उत्तर टेलिप्रिंटरवर टंकित होऊन येई. यंत्रावर देखरेख करण्यास समोर एक चौकी असे. त्याशिवाय एक चित्रनलिकाहि जोडलेली होती. तिच्यावर आलेख आणि अक्षरें उमटत. उत्तराचे आंकडे चाळण्याऐवजीं त्याची वक्ररेषा डोळ्यांनीं पाहावयास मिळणें, ही त्या काळीं जगांतहि थोड्या ठिकाणीं असलेली सोय होती.

असें हें यंत्र इ. स. १९६५ पर्यंत राबलें. संस्थेंतील संशोधकांप्रमाणेंच बाहेरच्या शास्त्रज्ञांनींहि त्याचा उपयोग करून घेतला.

आतां मुख्य आक्षेपाचा विचार करूं. नेहरूंनीं टिफ्रॅकचें नामकरण केलें त्या वेळीं जगांत निर्वात नळ्यांचा काळ संपत आला होता. ट्रान्झिस्टरचीं यंत्रें बाजारांत विकत मिळत होतीं. मुंबईंतच एस्सो तेल कंपनीनें इ. स. १९६१ मध्यें आयबीएम १४०१ हें ट्रान्झिस्टरचें यंत्र आपल्या कचेरीच्या कामासाठीं बसविलें होतें. मग पांच वर्षें खपून आपण जुन्या धाटणीचें यंत्र बांधलें तें कशास? तेवढ्याच पैशांत परदेशचें यंत्र घेतलें असतें तर शास्त्रज्ञांस पांच वर्षें आधीं उत्तरें मिळालीं नसतीं काय? हा आक्षेप पोकळ नाहीं. खुद्द संस्थेनेंहि तो कृतीनें मान्य केला. गणितांचा व्याप टिफ्रॅकच्या आवांक्याबाहेर गेला तेव्हां तिनें दुसरें टिफ्रॅक बांधलें नाहीं, इ. स. १९६४ मध्यें अमेरिकन सरकारच्या साहाय्यानें कंट्रोल डेटा कंपनीचें सीडीसी ३६०० हें यंत्र आणविलें. त्याचा शब्द अठ्ठेचाळीस अंकांचा, आणि स्मृति निदान बत्तीस हजार शब्दांची. घरच्या यंत्राशीं त्याची तुलना करणें म्हणजे बैलगाडीची आगगाडीशीं करण्यासारखें होतें. या यंत्राभोवतीं राष्ट्रीय गणनकेंद्र उभें राहिलें, आणि देशांतील निरनिराळ्या संस्थांचे लोक भोकें पाडलेल्या पत्त्यांचे गठ्ठे घेऊन कुलाब्यास येऊं लागले. त्यांच्यासाठीं हुकूमांची भाषाहि आतां बदलली होती. शून्य आणि एक यांच्याऐवजीं फोरट्रानसारख्या, गणिताच्या चिन्हांशीं मिळत्याजुळत्या भाषेंत लिहितां येऊं लागलें.

परंतु हा दुसरा अध्याय पहिल्या अध्यायावांचून लिहिला गेला असता काय, हें पाहिलें पाहिजे. एवढें मोठें यंत्र बसविणें आणि तें रात्रंदिवस चालतें ठेवणें हें केवळ पैशाचें काम नाहीं. परकी अभियंता यंत्र उभारून देतो आणि परत जातो. मग बिघाड कोठें आहे हें ओळखणारा, कोणतें गणित यंत्रास मानवेल हें सांगणारा, नवख्यास शिकविणारा माणूस आपलाच लागतो. ज्यांनीं एकेक सांधा स्वतः जोडला होता, ज्यांनीं आठ फुटी दारांत उभें राहून अशक्त नळी हुडकली होती, त्यांना नव्या यंत्राची भीति वाटण्याचें कारण नव्हतें. नरसिंहन् हे इ. स. १९६१ ते १९६४ या काळांत अमेरिकेंत इलिनॉय विद्यापीठांत होते. बुद्बुदकोष्ठांतील छायाचित्रें यंत्राकडून वाचवून घेण्यासाठीं, वाक्याची जशी व्याकरणानें फोड करावी तशी चित्राची फोड करावयाची, ही पद्धति त्यांनीं तेथें मांडली, आणि ती त्या शास्त्रांत मान्य झाली. इ. स. १९६५ मध्यें कॉम्प्यूटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली तेव्हां तिचे पहिले अध्यक्ष तेच झाले. इकडे तुर्भे येथील अणुशक्ति-केंद्रांत स्वदेशीं रचलेलें टीडीसी-१२ हें यंत्र इ. स. १९६९ मध्यें पुढें आलें.

याच्या उलट, केवळ विकत किंवा भाड्यानें घेतलेल्या यंत्रांचा अनुभव काय होता? आयबीएम कंपनी परदेशीं वापरून झालेलीं १४०१ यंत्रें मुंबईंत दुरुस्त करून येथील गिऱ्हाइकांस भाड्यानें देई. गिऱ्हाइकाचें काम होई, यांत शंका नाहीं. परंतु यंत्र केव्हां बदलावयाचें आणि कोणतें मिळावयाचें हें कंपनीच ठरवी. परकी चलनाच्या नव्या कायद्यानें कंपन्यांच्या मालकींत भारतीय हिस्सा असावा असा आग्रह धरला, तेव्हां ती कंपनी इ. स. १९७८ मध्यें देशांतून निघून गेली.

या इतिहासास आणखी एक बाजू आहे, आणि मध्यमवर्गीय कुटुंबांस ती सर्वांत जवळची होती. यंत्र हिशेब करूं लागलें तर हिशेबनिसानें काय करावयाचें? ज्या घरांतील कर्ता पुरुष विमा मंडळांत किंवा बँकेंत कारकून होता, त्या घरांत हा प्रश्न तात्त्विक नव्हता. महिन्याच्या पगाराचा होता. आयुर्विमा महामंडळानें गणकयंत्रें आणण्याचें ठरविलें तेव्हां इ. स. १९६५ नंतरच्या वर्षांत कर्मचाऱ्यांच्या संघटनांनीं देशभर विरोध केला, आणि कलकत्त्यास तर यंत्र बसूं नये म्हणून त्यांनीं इमारतीवर पहारे ठेवले. सरकारनें या प्रश्नाच्या विचारासाठीं समिति नेमली तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर हे होते. समितीचा अहवाल इ. स. १९७२ मध्यें बाहेर पडला. गरिबीच्या मोजमापासाठीं आयुष्य वेंचणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाकडे यंत्राच्या परिणामांचें मोजमाप यावें, हें योग्यच झालें. आज मागें वळून पाहतां त्या कारकुनांस अडाणी म्हणण्याची रीत पडली आहे. ती अन्यायाची आहे. यंत्रानें नव्या नोकऱ्या निर्माण केल्या हें खरें. परंतु त्या बहुधा त्यांच्या मुलांस मिळाल्या, त्यांस नव्हे. ज्यांनीं भीति बोलून दाखविली त्यांनीं एक खरा प्रश्न विचारला होता, आणि नवें यंत्र दारीं आलें म्हणजे तो दर पिढीस पुन्हां विचारावा लागतो.

टिफ्रॅकच्या घराण्याचा पुढील वृत्तान्त थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. टाटा संस्थेंतील गणकविषयक कामांतून एक राष्ट्रीय केंद्र निघालें, आणि इ. स. १९८५ मध्यें तें नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या नांवानें मुंबईंत स्वतंत्र झालें. कवि आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनीं याच संस्थेंत काम केलें. गणकयंत्राच्या पडद्यावर देवनागरी वाचणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या डोळ्यांखालून गेलेला 'मंगल' हा टंक त्यांचाच. इ. स. १९८८ मध्यें पुण्यास विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं सी-डॅक ही संस्था निघाली. अमेरिकेनें अतिसमर्थ महासंगणक देण्यास नकार दिल्यामुळें तिनें शेंकडों लहान गणकांस एकत्र राबवून इ. स. १९९१ मध्यें 'परम ८०००' सिद्ध केला. पुढें इ. स. २००३ मध्यें मुंबईची ती संस्था पुण्याच्या सी-डॅकमध्यें विलीन झाली. म्हणजे कुलाब्याची धारा आणि पुण्याची धारा कागदोपत्रींहि एक झाली.

असें असलें तरी समाधान मानून स्वस्थ बसण्याजोगी स्थिति नाहीं. पुण्याच्या पाषाण भागांत मोसमी पावसाचा अंदाज वर्तविणारी जी संस्था आहे तिच्याकडे इ. स. २०१८ मध्यें 'प्रत्यूष' आणि इ. स. २०२४ मध्यें 'अर्क' हे महासंगणक आले. नांवें आपलीं आहेत, यंत्रें परदेशी कंपन्यांचीं आहेत. इ. स. २०२४ मध्येंच सी-डॅकचा 'परम रुद्र' हा महासंगणक जुन्नर तालुक्यांतील खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या संशोधनासाठीं देण्यांत आला. ती दुर्बीणहि टाटा संस्थेच्याच शाखेनें उभारलेली. या महासंगणकाची मांडणी स्वदेशी आहे. परंतु त्याच्या अंतरंगांत हिशेब करणारा सिलिकॉनचा तुकडा परदेशांतून येतो. निघोज्याच्या कारखान्यांतील गाडीच्या इंजिनावर देखरेख करणारा तुकडाहि बहुधा तसाच येतो.

म्हणून टिफ्रॅकचा हिशेब मांडतांना त्यानें किती गणितें सोडविलीं एवढेंच मोजून भागणार नाहीं. त्या दृष्टीनें तें यंत्र कलकत्त्याच्या किंवा एस्सोच्या यंत्राहून फार सरस ठरणार नाहीं; आणि सीडीसी ३६०० पुढें तर त्याचा टिकावच लागणार नाहीं. त्यानें केलें तें निराळेंच काम. गणकयंत्र ही दुरून पूजा करावयाची वस्तु नसून आपल्या हातांनीं उघडतां, जोडतां आणि सुधारतां येणारी वस्तु आहे, ही खात्री त्यानें या देशांतील एका पिढीस दिली. तयार यंत्र घेणें हें पुष्कळदां शहाणपणाचें असतें. सीडीसी ३६०० घेणें तसेंच होतें. परंतु घेणाऱ्यास तें उघडून पाहण्याची विद्या अवगत असेल तरच तो मालक. एरव्हीं तो भाडेकरी. इ. स. १९५४ मध्यें त्या तरुणांनीं पांच वर्षें मोजून जी विद्या घेतली, ती सिलिकॉनच्या तुकड्याच्या बाबतींत आपणांस अद्याप घ्यावयाची आहे. ती घेतांना प्रथम केलेला नमुना जगाच्या मागें पडलेला असेल, आणि त्यास हंसणारे लोकहि भेटतील. टिफ्रॅकच्या इतिहासावरून पाहतां तेवढ्यासाठीं काम थांबविण्याचें कारण नाहीं.